मधलं सांग, इंदू

आमच्या घरच्या रीतीप्रमाणे शेवट आधी सांगते. रघुअण्णा गेले. सहा आठवडे झाले. दुपारी साडेतीनच्या सुमाराला, समुद्राचा वारा नुकता सुटला असताना, आरामखुर्चीत झोपेतच गेले. दम्यानं नव्हे. ज्या दम्यानं त्यांना वयाच्या अकराव्या वर्षापासून छळलं, ज्याच्या धाकानं आमच्या घरात चाळीस वर्षं कुणी दारसुद्धा आपटलं नाही, तो त्या दुपारी आसपासही नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. चेहरा इतका निवांत होता की मी चहाची बशी हातात घेऊन दोनदा हाक मारली आणि झोपमोड नको म्हणून परत फिरले. चहा निवून गेल्यावर तिसऱ्यांदा गेले, तेव्हा कळलं.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात फोन आहे. तिथून ह्यांच्या कचेरीत फोन लावला आणि म्हटलं, "अण्णा गेले." मग हे म्हणाले, "मधलं सांग." बाहेरच्या माणसाला हे बोलणं विचित्र वाटेल. मी म्हटलं, "मधलं काहीच नाही हो... मी चहा गाळत होते." त्या दुकानातला माणूस मराठी जाणत नव्हता, पण त्यानं मला बसायला स्टूल दिलं.

आता सुरुवातीकडे जाते. रघुअण्णा म्हणजे माझे थोरले दीर. आमचं घर मूळचं तंजावरचं, पण सासऱ्यांच्या मागे अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन मुलगे आणि एका मुलीला घेऊन मद्रासला आल्या आणि तिरुवल्लिकेणीतल्या एका अरुंद गल्लीत राहू लागल्या. त्यांना मुलं, सून, शेजारी, दूधवाला, सगळे अक्काच म्हणतात. मी वाईची. हे नोकरीच्या शिक्षणासाठी दोन वर्षं पुण्यात होते, तिथे आमच्या मामांच्या शेजारी राहायचे, आणि मामांनी योग जुळवून आणला. वडील शाळामास्तर, आणि मी त्यांची बडबडी लेक. लग्न ठरल्यावर आई म्हणाली होती, "तिकडे तमिळ बोलतात म्हणे. आता तरी हिची जीभ दोन घटका गप्प बसेल." आईचा अंदाज साफ चुकला. जीभ पहिल्याच दिवशी सुटली, आणि त्यानं काय अनर्थ झाला ते ऐका.

आम्ही सकाळी स्टेशनावरून घरी पोचलो. ओवाळणं झालं, कॉफी झाली. दार उघडून आत घेणारे अण्णा समोरच्या खुर्चीत बसले होते. उंच, काटकुळे, खांदे कानापर्यंत चढलेले, आणि डोळे मात्र खोडकर मुलाचे. त्यांनी विचारलं, "प्रवास बरा झाला की?" एवढं निमित्त मला पुरे होतं. मी पदर सावरला आणि सुरू केलं. "काय सांगू! रायचूरला हे पाणी आणायला खाली उतरले. नळावर ही गर्दी! मी खिडकीतून बघतेय, ह्यांचा तांब्या अजून रिकामाच. तेवढ्यात शिट्टी झाली. ह्यांचं लक्ष नाही. गाडी हलली. मी ओरडतेय. ह्यांनी वळून पाहिलं, धावायला लागले, गाडीनं वेग घेतला, आणि..." इथे मी थांबले. वाईला गोष्ट अशीच सांगतात. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा आणि मग हळूच सोडवायचा.

अण्णांच्या छातीतून बासरीच्या फुटक्या भोकातून यावा तसा आवाज येऊ लागला. ते पुढे वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, ओठ निळसर झाले. आणि घरातली सगळी माणसं एकदम ओरडली, "चढला! चढला! गाडीत चढला!" ज्यांच्यासाठी अण्णांचा श्वास कोंडला होता, ते हे त्यांच्या शेजारीच बसले होते, धडधाकट, हातात कॉफीचा टंबलर घेऊन! तेही बिचारे ओरडत होते, "अण्णा, मी चढलो, हा बघ मी!" अक्का गरम पाणी घेऊन धावत आल्या. गोळी दिली, ताटलीत औषधी पूड पेटवून धूर दिला. मी भिंतीला टेकून उभी. सासरी पाऊल ठेवून तास झाला नव्हता आणि थोरल्या दिरांचा जीव घेतला, असं मला वाटलं.

तासाभरानं अण्णा सरळ बसले. घाम पुसला. मला वाटलं, आता बोलणी खायची. अक्कांचं लक्ष नाही असं पाहून ते माझ्याकडे वळले आणि एकेक शब्द टाकत म्हणाले, "मग... कुठल्या डब्यात चढला?"

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे आले.

"शेवट सगळे सांगतात, इंदू," ते म्हणाले, "मधलं कुणी सांगत नाही."

संध्याकाळी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवून घरची रीत समजावली. तंजावरी मराठी मला तेव्हा नवी होती. शब्द पणजीच्या काळचे, चाल तमिळ, आणि वाक्य संपलं असं वाटलं की शेवटी एक 'म्हणून' येऊन बसायचं. सासरे, म्हणजे आप्पा, कीर्तनकार होते. एकदा रामनवमीच्या उत्सवात राम वनवासाला निघाल्याचं आख्यान लावलं होतं. अकरा वर्षांचा रघू पहिल्या रांगेत बसलेला. राम निघाला, नगरी रडू लागली, आणि पोराचा श्वास अडकला. तो पहिला झटका. लोक उठले, कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. सासऱ्यांनी कीर्तन मध्येच तोडलं आणि उभ्या जागेवरून मोठ्यानं सांगितलं, "अरे बाळा, राम परत येतो रे! चौदा वर्षांनी परत येतो!" आणि हळूहळू रघूचा श्वास परत आला. अक्का म्हणाल्या, "त्या दिवशी मज समजलं. ह्या लेकरास शेवट आधी सांगायचा म्हणून. तूही तसंच कर. सरी?" मी म्हटलं, "सरी." सरी म्हणजे बरं, मी शिकलेला तो पहिला तमिळ शब्द.

तर अशी ही 'शेवट आधी' रीत. ती माझ्या अंगवळणी पडेपर्यंत माझी जी फजिती झाली ती सांगायला एक पुरवणी पुरायची नाही. बाजारातून आलं की दारातूनच, "पाकीट सापडलं!" म्हणून ओरडायचं आणि मग ते हरवलं कसं हे सांगायचं. नणंदेचा धाकटा मुलगा परीक्षेचा निकाल बघून आला की गल्लीच्या तोंडापासून "पास, पास" असं म्हणत यायचा. नापास झाला त्या वर्षी तो "ऑक्टोबरात पुन्हा बसणार, पास होणार" असं ओरडत आला. तार म्हणजे तर धाबं दणाणायची गोष्ट, म्हणून मी वाईला लिहून कळवलं की इकडे काही कळवायचं तर शेवट आधी. माझे वडील मास्तर. त्यांनी सूचना तंतोतंत पाळली. त्यानंतर त्यांचं प्रत्येक पत्र 'कळावे, लोभ असावा' इथून सुरू व्हायचं आणि 'चि. इंदू हिस अनेक आशीर्वाद' इथे संपायचं. अण्णा ते पत्र हातात घेऊन इतके हसले की त्यांना झटका आला.

होय, हसण्यानंही यायचा. हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटे. भीतीनं यावा, दुःखानं यावा, कुणी रागावून बोललं तर यावा, हे समजू शकतं. पण आनंदानं? मार्गळीतल्या, म्हणजे इकडच्या थंडीच्या महिन्यातल्या, पहाटेच्या धुक्यानं त्यांना त्रास होई, उदबत्तीच्या धुरानं होई, गाद्या झटकल्या की होई. आणि त्याच्याच बरोबरीनं, भाचीच्या बारशाला, ह्यांच्या बढतीला, एखाद्या झकास विनोदाला. म्हणून अक्कांनी घरात आनंदालाही शेवट आधी लावून दिला होता. विनोदसुद्धा आम्ही उलटा सांगायचो. उलटा सांगितलेला विनोद कसा लागतो ते एकदा करून बघा.

अण्णांच्या मनानं मात्र ही रीत भलतीच घेतली होती. त्यांना वाटे, टांगलेला जीव ही जगातली सगळ्यात वाईट गोष्ट, ती कुणाच्याही वाट्याला येऊ नये. रेल्वेच्या कचेरीत ते हरवलेल्या सामानाच्या टेबलावर होते. ट्रंक हरवलेला माणूस रडवेला होऊन आला की ते आधी वहीत बघत, "मिळाली, आत आहे," असं सांगत, आणि मगच त्याचं नावगाव विचारत. साहेबानं कितीदा समजावलं की ट्रंक कुणाची याची आधी खातरजमा करा. एकदा आम्ही सगळे एका तमिळ रहस्यपटाला गेलो. ह्यांनी तो आदल्या दिवशी पाहून येऊन खुनी कोण ते अण्णांना सांगून ठेवलं होतं. चित्रपट ऐन रंगात आला. अण्णांच्या पलीकडे एक बाई पदराचं टोक चावत बसल्या होत्या. अण्णांना त्यांची दया आली. ते वाकून तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, घाबरू नका. नायक मरत नाही. खून त्या वकिलानं केलाय." बाईंनी ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं मोठ्यानं "काय?" म्हटलं, आणि पुढच्या चार रांगांनी मागे वळून आमच्या घराण्याचा उद्धार केला. आम्हाला मध्यंतरात बाहेर पडावं लागलं. बाहेर अण्णा भाबडेपणानं म्हणाले, "मी तर तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं की."

आमचे डॉक्टर वरदाचारी. धोतर, वर काळा कोट, बोलणं मोजकं. सुई टोचायला ते वेळीअवेळी येत. एकदा त्यांनी सुई दिल्यावर जायची घाई केली नाही, कोपऱ्यात बसून राहिले. अण्णांचा श्वास मार्गी लागत होता. अक्का गरम पाणी घेऊन आल्या आणि लेकाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. श्वास पुन्हा चढला. डॉक्टरांनी अक्कांना काही निमित्तानं बाहेर पाठवलं. श्वास उतरला. असं त्यांनी दोनदा करून पाहिलं, आणि मग अंगणात येऊन म्हणाले, "अम्मा, दमा खरा आहे. तो मनातून निघालेला नाही, आणि औषध सोडायचं नाही. पण हा घाबरला की छाती आवळते, छाती आवळली की हा आणखी घाबरतो. आणि तुमचा चेहरा बघितला की ह्याला वाटतं, आता आपण जातोच." अक्का आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांना दह्यातल्या डांगर-पच्चडीचा डबा पाठवला. राग गेला, असा त्याचा अर्थ.

डॉक्टरांनी अण्णांना एक व्यायाम सांगितला. खांदे खाली सोडायचे, नाकानं श्वास घ्यायचा, आणि ओठांचा चंबू करून गरम पेय निववतात तशी लांब, सावकाश फुंकर सोडायची. आता गंमत अशी की मद्रासी माणूस कॉफी फुंकत नाही. तो ती टंबलरमधून डवऱ्याच्या पसरट वाटीत हातभर उंचीवरून ओततो आणि निववतो. अण्णांनी जन्मात कशावर फुंकर मारली नव्हती. मी म्हटलं, हे आमच्या वाईचं काम. चहा केला, बशीत ओतला आणि त्यांच्यापुढे धरला. "असा फुंका. बशीतला चहा सांडता कामा नये, नुसती साय सरकली पाहिजे." कॉफीच्या घरात बशीतून चहा! अक्कांनी कपाळाला हात लावला. पण अण्णा शिकले. रोज दुपारी मी आणि थोरले दीर समोरासमोर बसून बशीवर फुंकर घालत असू. शेजारच्या पाट्टीनं, म्हणजे आजीबाईंनी, आमच्या जाऊबाईंना, म्हणजे ज्या नव्हत्याच त्यांना, याबद्दल बरंच काही सांगितलं असतं. अण्णांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणत, "मुलगी होकार देते की नकार, हे कोण आधी सांगणार?"

त्या बशीच्या जोडीला गोष्ट आली. पुण्याहून मला एक साप्ताहिक पोस्टानं येई. त्यात एक कादंबरी थोडी थोडी छापत आणि शेवटी 'क्रमशः' लिहीत. अण्णांनी एकदा तो शब्द बोटानं दाखवून विचारलं, "हे सगळ्यांस माहीत नसतं? शेवट?" मी म्हटलं, "लिहिणाऱ्यालाही नसतो कधीकधी." त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरणार नाही. म्हणाले, "मग मज वाचून दाखव. सरळ. सुरुवातीपासून."

मी घाबरले. पहिल्या दिवसाचं रायचूर मला आठवत होतं. पण तोडगा अण्णांनीच काढला. मधल्या खोलीतल्या देवाच्या कोनाड्यात सासऱ्यांच्या चिपळ्या होत्या. अक्का त्यांना कुणाला हात लावू देत नसत. अण्णांनी त्या उचलल्या. "एकदा वाजवली की थांब. दोनदा वाजवली की पुढे." अक्का आतून म्हणाल्या, "देवाची वस्तू ती!" अण्णा म्हणाले, "कोनाड्यात तिचाही श्वास कोंडतो, अक्का."

असं आमचं वाचन सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मी चार ओळी वाचल्या की एक टक्. थांबायची. ते बशीवर लांब फुंकर सोडत, खांदे खाली आणत. मग टक् टक्, आणि मी पुढे. एक पान वाचायला तास लागे. हळूहळू दोन पानं, मग सगळा मजकूर. कधी जमायचं नाही, वाचन सोडून गोळी घ्यावी लागायची. मी रडकुंडीला येई आणि तेच माझी समजूत घालत. आणि आम्ही असे बसलो की दर वेळी स्वयंपाकघरातून अक्कांची हाक ठरलेली. "अग, शेवट सांग की त्यास आधी!" आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प राहायचो.

अण्णांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना कीर्तन करायचं होतं. वडिलांचं तेच आख्यान, जे त्यांच्यामुळे अर्ध्यावर तुटलं होतं. ते सगळं त्यांना पाठ होतं, साक्या, दिंड्या, ओव्या, कुठे आवाज उतरवायचा तेसुद्धा. अकराव्या वर्षापासून ते मनातल्या मनात करत होते. पण राम उंबऱ्याशी आला की श्वास जायचा. त्यांना तो उंबरा एकदा ओलांडायचा होता. "एकदाच, इंदू," ते म्हणाले, "आप्पांचं राहिलेलं पुरं करून टाकतो." आणि अक्कांना हे स्वतःच्या डोळ्यांदेखत नको होतं. त्यांचंही चुकत नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. गल्लीतल्या भजनमठात रामनवमीला अण्णांनी उभं राहायचं, पण अक्कांची अट अशी की पट्टाभिषेक आधी. म्हणजे राम परतला, सिंहासनावर बसला, हे आधी सांगून टाकायचं आणि मग वनवास. अण्णांनी मान्य केलं. उत्सवाच्या संध्याकाळी मठ भरला. अण्णा उभे राहिले, वडिलांच्या चिपळ्या हातात. पट्टाभिषेक असा रंगवला की म्हातारे डोलू लागले. आणि आख्यानात पट्टाभिषेक झाला की कीर्तन संपतं, हे आमच्या लोकांच्या रक्तात आहे. इकडे राज्याभिषेक झाला, तिकडे पुजाऱ्यांनी आरती पेटवली. गुळाचं पानकम् आणि भिजल्या डाळीची कोसंबरी वाटायला सुरुवात झाली. अण्णा हात वर करून सांगत होते, "थांबा, रामास अजून वनात जायचं आहे!" पण द्रोण हातात पडल्यावर कोण थांबतो? "बेस झालं हो रघुनाथराव, थोडक्यात आवरलंत," असं म्हणत मंडळी चपला शोधू लागली. पाव तासात मठ रिकामा. राम अयोध्येतच राहिला. अण्णा मृदंगवाल्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसू लागले, आम्ही सगळेच हसलो, अक्कासुद्धा. आणि अर्थातच झटका आला. रिक्षातून घरी आणताना ते दोन श्वासांच्या मधे म्हणाले, "पुढच्या वर्षी... सरळ."

पुढचं सबंध वर्ष बशी आणि चिपळ्या चालू राहिल्या. अक्का गप्प झाल्या होत्या, म्हणजे त्यांची परवानगी नव्हती आणि नकारही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मी पहिल्या रांगेत बसतो. पिशवी जवळ ठेवतो. आणि पिशवी दिसेल अशी ठेवणार नाही."

त्या संध्याकाळी आम्ही बायका डाव्या हाताला बसलो होतो. अक्का माझ्या शेजारी. अण्णांनी गोष्ट सुरुवातीपासून धरली. वर मागितले गेले, राजा कोसळला, राम आईचा निरोप घ्यायला गेला. माझं गोष्टीकडे लक्षच नव्हतं, मी खांद्यांकडे बघत होते. राम उंबऱ्याशी आला. अण्णांचा आवाज थांबला. खांदे वर चढले. लोकांना वाटलं, काय थांबा घेतलाय! खरं काय ते आम्हालाच माहीत होतं. अक्का गुडघ्यावर हात टेकून अर्ध्या उठल्या होत्या. त्यांच्या तोंडातून शब्द निघणारच होते, सासऱ्यांनी त्या दिवशी म्हटले तेच. अण्णांनी आईकडे बघितलं. हसले. आणि मान हलवली, नको. मग चिपळी एकदा वाजली. टक्.

मी मोजत होते. एक फुंकर. दुसरी. खांदे थोडे उतरले. तिसरी फुंकर इतकी लांब की पुढच्या समईची ज्योत हलली. डॉक्टरांचा हात पिशवीवर गेला होता, तो त्यांनी परत मांडीवर घेतला. मग टक् टक्. आणि राम उंबऱ्याबाहेर पडला. पुढचं आख्यान दोन तास चाललं आणि एकही माणूस पानकमासाठी उठला नाही. अक्का खाली बसल्या त्या पदर तोंडावर घेऊन, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

यानं दमा गेला असं कुणी समजू नये. मार्गळी आली की तो यायचाच. एकदा हवा कोरडी म्हणून अण्णा महिनाभर तांबरमला नातेवाइकांकडे राहून आले. "तिथे श्वास चांगला, पण गोष्ट कुणी सांगत नाही," म्हणून परतले. सुई, गोळ्या, धूर, सगळं शेवटपर्यंत होतं. पण तो आता पाहुणा झाला होता, घराचा मालक नव्हे. दर रामनवमीला अण्णा उभे राहत आणि उंबऱ्याशी थांबत. लोक मुद्दाम तो थांबा बघायला येत. मला बारा-तेरा वर्षं त्या माणसाबरोबर बशीतला चहा प्यायला मिळाला. याहून जास्त मजेत माझी कुठलीही दुपार गेलेली नाही, आणि हे मी ह्यांच्यादेखत लिहिते आहे.

अलीकडे साप्ताहिकात एक लांबलचक कादंबरी चालू होती. सासर सोडून निघालेली एक बाई, पुराची नदी, आणि तिला पलीकडे नेणारा म्हातारा तांडेल. वर्षभर चालली. शेवटून दुसऱ्या अंकात नाव मध्यावर आली आणि दोर तुटला. क्रमशः. अण्णांनी त्या दुपारी टाळीच वाजवली. "बुडते की तरते?" मी विचारलं, "पुण्याच्या मैत्रिणीला लिहू का? तिच्याकडे अंक आधी येतो. कळवेल." "खबरदार!" ते म्हणाले. "कुणी मज शेवट सांगायचा नाही." सगळा आठवडा ते नाव वाचवत होते आणि बुडवत होते. अंक यायचा त्याच्या आदल्या दिवशी आरामखुर्चीत डोळा लागला तो लागलाच. चिपळ्या मांडीवर होत्या. ज्या माणसाला जन्मभर सगळ्या गोष्टींचे शेवट आधी सांगितले, तो एका गोष्टीचा शेवट न ऐकता गेला, आणि स्वतःच्या हट्टानं गेला. मला रडू येतं ते या गोष्टीचं, आणि हसूही तिचंच येतं.

अंक दुसऱ्या दिवशी आला. त्या दिवशी घरात कोण पोस्ट उघडणार? तो वेष्टणासकट कपाटावर पडून राहिला. चिपळ्या परत कोनाड्यात गेल्या. अक्का आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मधल्या खोलीत, कोनाड्याशेजारच्या बाजेवर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. कुणाशी बोलणं नाही. मी कॉफी नेली की अर्धी घेत.

परवा दुपारी समुद्राचा वारा सुटला तेव्हा मला राहवलं नाही. चहा केला. सवयीनं बशी घेतली. अंक काढला, वेष्टण फाडलं आणि अक्कांच्या बाजेपाशी खाली बसले. म्हटलं, "अक्का, अण्णांची गोष्ट आली आहे. शेवट आधी सांगू?"

त्यांची पाठ तशीच माझ्याकडे राहिली.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दोर तुटलेला, नाव गिरकी घेतेय, बाईच्या कमरेला बांधलेलं गाठोडं पाण्यात गेलं, म्हातारा वल्हं टाकून उभा राहिला आणि... तिथे मी थांबले. अक्षरं दिसेनात. मी मान खाली घालून बसले. चहावर साय धरली होती. समोरची आरामखुर्ची वाऱ्यानं किंचित हलत होती.

बाज करकरली. अक्कांनी कोनाड्यात हात घातला असावा, मी पाहिलं नाही.

टक् टक्.

मी डोळे पुसले आणि पुढे वाचू लागले.